वेळापत्रक_अंतिम_खरंच

फेरोच्या एका बेटावर, नगरपालिकेत आम्ही तिघंच:
महापौर, जो आधी मेंढ्या बघून मग येतो,
माल्फ्री, जी हिशेब आणि कॉफी दोन्ही कडक ठेवते,
आणि मी, रान्वा, संकेतस्थळाची.
म्हणजे लोकांना जे कागद उतरवून घ्यायचे असतात
ते मी वर चढवते.
चढवणं, उतरवणं. हमालीचीच क्रियापदं,
फक्त पाठीऐवजी मान धरते.

सोमवारी पाण्याचा अहवाल आला,
तिरका स्कॅन झालेला,
हलत्या बोटीत बसून काढल्यासारखा.
सरळ केला. छत्तीस एमबीचा चार केला.
वर्णनाच्या चौकटीत
'पाणी चांगलं आहे' एवढंच लिहावंसं वाटलं.
लिहिलं: 'वार्षिक तपासणी, उत्तरेचा झरा.'
मग वर्ग निवडायचा.
कब्रस्तानाचा नकाशा कुणीतरी
'फुरसत आणि पर्यटन'मध्ये टाकून ठेवलाय,
सहा वर्षं झाली, एक तक्रार नाही.

आमच्या लिपीत एक अक्षर आहे,
मानेवर आडवी रेघ मारलेलं.
ते लिहितात, उच्चारत नाहीत.
शाळेत त्यापायी माझे गुण गेले.
फाइलच्या नावात ते आलं की यंत्र गोंधळतं,
टक्क्यांची चिन्हं ओकतं, कधी दुवाच तुटतो.
म्हणून मी ते काढून टाकत आलेय,
वेळापत्रकातून, बंदरातून,
माल्फ्रीच्या नावातूनसुद्धा.
तिला अजून कळलेलं नाही.

मार्चमध्ये साफसफाई काढली.
'अंतिम', 'अंतिम_२', 'अंतिम_खरंच',
'ही_वापरा', 'ही_नको'.
समुद्राखालून बोगदा झाला
तेव्हापासून बोटीला कोण विचारतं?
बोट विकली. दक्षिणेत कोळंबी वाहते म्हणे.
तिचं वेळापत्रक मात्र यादीत तसंच.
'काढून टाका' दाबलं.
यंत्रानं विचारलं, नक्की?
ते सगळ्यांनाच विचारतं. हो म्हटलं.
जाता जाता आकडा दिसला:
वर्षभरात बावन्न वेळा उतरवलेलं.
असतील शोधयंत्रांचे रोबो, म्हटलं,
आणि जेवायला गेले.

शुक्रवारी फोन. हेर्गाइर, बोटीचा जुना तांडेल.
'रान्वा, बोट कुठं गेली?'
विकली ना.
'ते ठाऊक आहे गं, शेवटचा दोर मीच सोडला.
कागद कुठं गेला?'

एल्स्पा रोज संध्याकाळी कोट चढवते,
त्याला धक्क्यावरून आणायला.
तो शेजारीच उभा असतो.
मग तो कागद पुढं करतो:
हे बघ, पाच वीसची आहे, वेळ आहे अजून, बस.
ती वाचते. बसते.
कागदाची घडी घालून कुठंतरी ठेवते,
कुठं ते विचारायचं नाही.
आठवड्यात कागदाचा चोळामोळा होतो, नाहीतर पत्ता लागत नाही.
शुक्रवारी नवा.

'सेव्ह करून ठेवा ना,' मी म्हटलं.
'केलाय गं. पण तो सेव्ह होऊन कुठं जातो
ते सापडत नाही.
तिचं एक तसं, संगणकाचं एक तसं.'

कचरापेटीत फाइल तीस दिवस राहते.
सव्वीस उरले होते.
परत काढली. पण यादीत कशी ठेवू?
पर्यटक येतात, कागदावर विश्वास ठेवून
बॅगा घेऊन रिकाम्या धक्क्यावर उभे राहतात,
भिजतात, मग आम्हाला पत्रं लिहितात.
म्हणून पानावरून दुवा काढला,
फाइल जागेवर ठेवली.
पत्ता ठाऊक असलेल्या एकालाच मिळेल.
लिहिलेली, न उच्चारलेली.

नाव बदललं नाही.
माझ्याआधीच्या बाईनं दिलेलं,
त्यात ते अक्षर रेघेसकट आहे,
दुव्यात टक्के होऊन पडलंय. पडू दे.

माल्फ्री मागून वाकून बघत होती.
'हे कशाला ठेवलंयस? बोट कुठाय?'
शेवटची चौकट उरली होती: 'स्थिती'.
'कालबाह्य' की 'चालू'.
मी 'चालू' निवडलं
आणि तिच्याकडं कॉफी मागितली.